मंथरा, दुसरा मजला

माणसाला स्वतःचं टोपणनाव सगळ्यात शेवटी कळतं. मला माझं वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं, तेही सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या पंपावरून भांडताना.

आमच्या बाजूच्या नळाला तीन दिवस करंगळीएवढी धार येत होती आणि मी सेक्रेटरींना चार वेळा फोन केला होता. ते म्हणाले, "बाई, तुमचा फोन आलाच नाही. नंबर चुकला असेल." मी छत्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते. आकडा चुकवायची सवय माझ्या बोटांना नाही. "थांबा," म्हटलं आणि त्यांच्यासमोरच फोन लावला. त्यांचा मोबाइल टेबलावर उताणा पडला होता. तो थरथरत थरथरत रजिस्टरपर्यंत सरकला आणि त्याच्यावर ठळक अक्षरं उजळली: 'मंथरा दुसरा मजला'.

दुसऱ्या मजल्यावर मी राहते.

सेक्रेटरींनी मोबाइलवर आधी हात ठेवला, मग रजिस्टर ठेवलं. खालून तो वाजतच राहिला. मीही बंद केला नाही.

"हे काय आहे?"

"बाई, ते आपोआप सेव्ह होतं हो."

"मंथरा? आपोआप?"

"म्हणजे, मी एकटाच म्हणतो असं नाही. सगळेच म्हणतात," सेक्रेटरी म्हणाले. हे त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं असावं.

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले, आडवी. पाठ वाकली आहे, नाही कशाला म्हणू? कोर्टात माझ्याआधी टायपिस्टच्या टेबलावर एक फार बुटके गृहस्थ बसायचे. टेबल त्यांच्या मापाचं होतं. ते गेले आणि टेबल माझ्या वाट्याला आलं. उंच टेबलासाठी मी सात अर्ज केले. सातवा मंजूर झाला तेव्हा मी निवृत्त होऊन चार महिने झाले होते. तेव्हा ही पाठ सरकारी कामात वाकलेली आहे, कटकारस्थानात नाही, एवढी नोंद असावी.

आणि कटकारस्थान तरी कोणतं? तर सांगते.

माझ्या समोरच्या घरात नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील राहतात. त्या घरची सून हाताने फार गुणी. माझ्या पाठीमुळे दुकानातला कोणताही कपडा मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. ती एकटीच असा बेतते की कडा चहूबाजूंनी सारखी पडते. एका दुपारी माझ्या बाहीचं माप घेताना तिने सांगितलं, की सहा वर्षांपूर्वी नवऱ्याला दोन वर्षांच्या ट्रेनिंगला परगावी जायचं होतं. हिने कपड्यांच्या कारखान्यातली कटिंगची नोकरी सोडली, घर सांभाळलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं शेवटपर्यंत केलं. तेव्हा नवरा म्हणाला होता, "मी परत आलो की पुढची खोली तुझी. शिवणाचा क्लास काढ." परत आला, बढती मिळाली आणि विसरला. पुढच्या खोलीत खिडकीशी सासऱ्यांची आरामखुर्ची होती, ती तशीच राहिली.

मी म्हटलं, "मग माग की."

एवढंच. तीन शब्द. टाइप केले तर अर्धी ओळसुद्धा भरत नाही.

तिने मागितली. नवरा लाल झाला, पण शब्द दिला होता म्हणून दिली. सासरे खुर्चीसकट मागच्या खोलीत गेले. पुढच्या खोलीपासून मागची खोली अकरा पावलांवर आहे. मी मोजली आहेत. पण सासरे जाताना असे गेले, की जिन्यात उभ्या असलेल्या चार बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बहात्तर वर्षांचा राम अकरा पावलं वनवासाला निघाला आणि सगळी इमारत अयोध्येसारखी हळहळली. मग मंथरा कोण, हे शोधायला कितीसा वेळ लागणार?

मी टाइपरायटर काढला. रिबन वाळली होती, तरी उमटलं. अर्ज तीन प्रतींत केला: विषय, संदर्भ, विनंती. 'सर्व सभासदांनी आपापल्या मोबाइलमधून सदर नाव काढून टाकावे.'

सेक्रेटरींनी अर्ज उलटसुलट पाहिला. "बाई, तक्रारीचे चार प्रकार आहेत. पाणी, लिफ्ट, पार्किंग, इतर. ही कशात घालू?"

"इतर."

"इतरला फोटो लागतो. नुकसान झाल्याचा."

"नुकसान माझ्या अब्रूचं झालंय. तिचा फोटो कसा काढू?"

"मग दोन बाधित सभासदांच्या सह्या आणा."

"बाधित मी एकटीच आहे."

"तेच तर म्हणतोय," सेक्रेटरी हळहळून म्हणाले, "एकट्याची तक्रार नियमात बसत नाही."

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सल्ला दिला, की अशा वेळी आपणही सेक्रेटरींना काहीतरी नाव ठेवावं. "तुम्ही त्यांना शकुनी म्हणा. फिटंफाट." मी त्याला सांगितलं, की शकुनी म्हटल्यावर हल्ली माणूस खूश होतो. का, ते त्याला कळेना. त्याचं आमच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांना येणं नव्हतं.

प्राध्यापक तळमजल्यावर राहतात. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बोलतात. विषय: खलनायकांचा पुनर्विचार. मी एकही शनिवार चुकवला नव्हता, कारण त्या हॉलमधल्या खुर्च्या बऱ्या उंचीच्या आहेत. पहिल्या शनिवारी रावण सुटला. केवढा विद्वान, केवढा कलावंत आणि बहिणीच्या अपमानाने पेटलेला भाऊ! दुसऱ्या शनिवारी दुर्योधन सुटला. मैत्रीला जागावं तर असं. मग शकुनी. बहिणीला आंधळ्याच्या गळ्यात बांधली, त्याचं दुःख कुणी पाहिलं? शेवटी कैकेयीसुद्धा सुटली. रणांगणात नवऱ्याचा रथ सावरणारी बाई! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कोर्टात आयुष्य काढलं, पण एका महिन्यात इतके आरोपी निर्दोष सुटलेले पाहिले नव्हते.

माझ्या अर्जाची कुणकुण लागल्यावर प्राध्यापक स्वतः जिना चढून आले. चहा घेतला.

"बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. आजच्या दृष्टीने पाहिलं तर खलनायक असं काही नसतंच."

"बरं. मग मंथरेवरचं व्याख्यान कधी आहे?"

त्यांच्या हातातलं बिस्कीट चहात विरघळून पडलं. "मंथरेवर? नाही, ती कशी… तिला स्वतंत्र बाजू नाही हो. ती व्यक्ती नाही, निमित्त आहे."

"निमित्ताची पाठ दुखते का?"

"अं?"

"कुबड दिलंय ना तिला? मग दुखत असेल."

माझा संताप त्या दिवशी खरा चढला. तोवर रुसवाच होता म्हणा. दहा तोंडांच्या राजाला वकील मिळतो. शंभर भावांच्या युवराजाला मिळतो. ज्यांच्याकडे रथ आहे, त्यांचा पुनर्विचार होतो. आणि जी आयुष्यभर दुसऱ्याच्या लेकीच्या वेण्या घालून म्हातारी झाली, ती निमित्त! तिने केलं काय? दोन वर तिने शोधून काढले नव्हते. राजाने दिले होते, राणीने ठेवून दिले होते आणि दोघंही विसरली होती. मंथरेने जुनी फाइल काढून दिली. रेकॉर्डमधला जुना कागद वेळेवर काढून देणं हा गुन्हा असेल, तर मी छत्तीस वर्षं पगार घेऊन गुन्हे केले. चौदा वर्षं जरा जास्त झाली, हे मी मान्य करते. मी असते तर रामाला शेजारच्या खोलीत पाठवलं असतं.

हे सगळं मी प्राध्यापकांना ऐकवलं. ते एकदम उठले. डोळे चमकले. "बाई, खटलाच चालवू! 'मंथरेवर अभियोग'! हॉल भरेल!"

मला अर्जावर एक सही हवी होती. मिळाला खटला.

शनिवारी चार वाजता हॉल खरोखरच भरला. प्राध्यापक न्यायाधीश झाले. हातोडा म्हणून सेक्रेटरींनी प्लंबरचा आणला होता, त्यामुळे दोनदा आपटल्यावर टेबलाची काच गेली आणि पुढे ते नुसताच उगारत राहिले. सरकारी वकील व्हायला समोरचे सासरे आपणहून उभे राहिले. अंगात कोट होता, म्हणजे तयारीने आले होते. आरोपीच्या वकिलाची खुर्ची मात्र रिकामी. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "रावण असता तर आलो असतो."

"आणि आरोपी?" कुणीतरी विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग सगळे पंख्याकडे पाहू लागले.

"बाई, तुम्हीच बसा," प्राध्यापक म्हणाले. "नाट्य म्हणून. आणि हो, तुम्हाला शॉर्टहँड येतं, तर कामकाजही टिपून घ्याल का? दुसरं कुणी नाही."

तर आरोपीही मीच आणि टायपिस्टही मीच. मी वही उघडली. पेन्सिल हातात आली की मला राग येत नाही. सगळं फक्त कानातून बोटात जातं.

सासरे सुरुवातीला मंथरेवर बोलले. पाच मिनिटांत ते अयोध्येतून निघाले आणि आमच्या मजल्यावर आले. "सुखी घर असतं. म्हाताऱ्याला एक खिडकी असते. तिथून त्याला रस्ता दिसतो, येणारी-जाणारी माणसं दिसतात. आणि एक दिवस शेजारची दासी सुनेच्या कानाला लागते! आज मला काय दिसतं? स्कूटरच्या सीटा दिसतात! मुलाने कबूल केलं होतं, माझ्यासमोर केलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून ती खरंच मागेल असं कुणाला वाटलं होतं? अशा गोष्टी बोलायच्या असतात, द्यायच्या नसतात!"

टाळ्या. मी टिपलं: टाळ्या.

मागच्या रांगेत त्यांचा मुलगा बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत होता. सून नव्हती. शनिवारी चार ते सहा तिचा क्लास असतो.

प्राध्यापकांनी हात वर करून मत घेतलं. मंथरा दोषी, एकोणतीस विरुद्ध शून्य. मला मत नव्हतं, कारण मी आरोपी होते. त्या ओघातच सेक्रेटरी उठले. "सगळे जमलेच आहेत तर एक ठराव घेऊन टाकू. राहत्या घरात शिवणाचे क्लास चालवू नयेत. हात वर आहेतच, खाली घेऊ नका." कुणी घेतले नाहीत. नाटकातला हात आणि खरा हात यांत फरक काय, हे विचारायला कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आली. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती. बसली नाही.

"मावशी, मी क्लास बंद करते. मशीन पलंगाखाली जाईल."

"अगं, का म्हणून?"

"तीन आठवडे घरात कुणी धड बोलत नाही. बाबा जेवायला बोलावलं तर ताट आत मागवतात. हे म्हणतात, तू मागितलंस, मी दिलं, आता मला काही विचारू नकोस. खोली मिळाली मावशी, पण…" ती टेप बोटाला गुंडाळत राहिली. "जाऊ दे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

ती गेली आणि मी बसून राहिले. मंथरेचं काय झालं, यावर मी इतके दिवस भांडले. कैकेयीचं काय झालं, याचा विचार केला नव्हता. जे मागितलं ते मिळालं आणि घरात कुणी बोलेना. पोटच्या मुलानेही तोंड फिरवलं. माझ्या तीन शब्दांनी हिचीही तीच गत व्हायची असेल, तर सेक्रेटरींच्या मोबाइलमधलं नाव बरोबरच होतं.

अशा वेळी मला आमचे जुने न्यायाधीश आठवतात. अतिशय तिरसट माणूस. पण सायकलचोर असो की खुनी, निकालाआधी पेन खाली ठेवायचे आणि विचारायचे, "तुला काही सांगायचंय का?" आणि थांबायचे. कारकून घड्याळाकडे पाहायचे, हे थांबायचे. मी नवी असताना मला म्हणाले होते, "बाई, आरोपी गप्प राहिला तर 'गप्प राहिला' असं टाइप करा. पण 'विचारले नाही' असं टाइप करायची पाळी माझ्या कोर्टात येता कामा नये."

मी टाइपरायटर ओढला.

आता आमच्या सेक्रेटरींचा एक लाडका नियम आहे: ठरावाचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून मंजूर झाल्याशिवाय ठराव लागू होत नाही. या नियमाने त्यांनी आजवर लिफ्टची दुरुस्ती चारदा लांबवली आहे. पुढच्या शनिवारी मी नऊ पानं घेऊन गेले. निघताना समोरच्या सुनेला म्हटलं, "आज मुलींना अर्धा तास उशिरा बोलाव. खाली ये. बोलायचं काही नाही, नुसती उभी राहा."

"बाई, सारांश चालला असता," पानांची जाडी पाहून सेक्रेटरी म्हणाले.

"कोर्टात सारांश नसतो."

मी वाचायला लागले. कोर्टात वाचतात तसं, सपाट आवाजात, रागाने नाही आणि रडून तर नाहीच. काच फुटली ते वाचलं. दातांचे डॉक्टर काय म्हणाले ते वाचलं. लोक हसले. मग सासऱ्यांचं भाषण आलं. "मुलाने कबूल केलं होतं, माझ्यासमोर केलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून ती खरंच मागेल असं कुणाला वाटलं होतं? अशा गोष्टी बोलायच्या असतात, द्यायच्या नसतात. टाळ्या."

कोट घालून ठणकावून म्हटलेलं वाक्य सपाट आवाजात वाचलं की कसं उघडं पडतं, ते मी हजार वेळा पाहिलं आहे. 'टाळ्या' या शब्दावर ज्यांनी वाजवल्या होत्या त्यांनी हात मांडीखाली घेतले.

मी शेवटचं पान वाचलं. "आरोपीस काही सांगायचे आहे काय, असे विचारण्यात आले नाही. जिच्या क्लासबद्दल ठराव झाला ती हजर नव्हती. तिलाही विचारण्यात आले नाही. इतिवृत्त समाप्त."

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. माणूस मुळात वाईट नाही, फक्त राजेरजवाड्यांच्या संगतीने बिघडलेला आहे. ते उभे राहिले आणि दाराकडे वळून म्हणाले, "तुम्हाला… तुम्हाला काही सांगायचंय का?"

सुनेने मान हलवली. "मी काय सांगणार? बाबांनीच सांगितलंय सगळं."

"मी असं बोललो?" सासरे पुटपुटले.

"शब्द न् शब्द," मी म्हटलं.

तेव्हा त्यांचा मुलगा उठला. लेस आजही सुटलेलीच होती. "बाबा, मी शब्द दिला होता. द्यायचा म्हणूनच दिला होता. मग विसरलो. ती चूक माझी आहे, तिची नाही."

सासरे कोटाची बटणं चाचपत राहिले. मग एकदम, रागाने नाही, दमून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे. पण मागच्या खोलीत उजेड नाही. मला कुणी विचारलं का?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मुलाने नाही, सुनेने नाही आणि मीही नाही. मी तीन शब्द दिले, चौथा खर्च केला नाही. हे मी तिथल्या तिथे वहीत टिपलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, तरी टिपलं.

"बाबा," सून म्हणाली, "क्लास चार ते सहा. बाकी सगळा दिवस खुर्ची खिडकीतच असू दे. मी कधी नको म्हटलं? तुम्हीच खुर्ची उचलून गेलात!"

"मग त्या दोन तासांत मी कुठे बसू?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "माझी खिडकीही रस्त्यावरच उघडते. फक्त तुम्हाला दासीच्या घरचा चहा चालायला हवा."

सासऱ्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. "साखर कमी लागते मला," ते म्हणाले.

ठराव मंजूर झाला नाही. मंथरेच्या निकालाचं काय, असं प्राध्यापकांनी विचारलं, तेव्हा दातांचे डॉक्टर म्हणाले, फेरसुनावणी घ्या, या वेळी वकील मी. मी म्हटलं, आधी माझा अर्ज निकाली काढा.

सोमवारी सेक्रेटरींनी मला ऑफिसात बोलावलं. मोबाइल पुढे धरून उभे होते. "बाई, तुमच्यासमोरच नाव काढतो. काय लिहू, सांगा."

मी विचार केला. त्या नावाला इतकी वर्षं कुणी धड हाक मारली नव्हती. मंथरेसाठी एवढं भांडल्यावर मीच तिला उंबऱ्याबाहेर काढायची?

"राहू द्या ते नाव," मी म्हटलं. "तुम्ही मला तोंडावर बाई म्हणता आणि पाठीमागे मंथरा. ते दोन्ही एकत्र लिहा."

सेक्रेटरींनी चष्मा वर करून सावकाश लिहिलं. मी घरी आले आणि खात्री करून घ्यायला फोन लावला. नळाला अजून करंगळीएवढीच धार येत होती, तेही सांगायचं होतं.

पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"बोला, मंथराबाई," ते म्हणाले.